एक जानेवारीच्या नऊशे बायका

मार्कर दुसऱ्याच रेघेला वाळला. त्याने तो झटकला, फळ्याच्या कडेवर घासून पाहिला. रेघ उमटली ती पुसल्यासारखीच. खालच्या पट्टीवर आणखी तीन मार्कर पडले होते. काळा वाळलेला, निळाही वाळलेला.

"हिरवा चालतो बहुतेक," टेबलापलीकडचा तरुण म्हणाला. मान लॅपटॉपमध्येच होती.

हिरवा चालला. त्याने तीन चौकोन काढले, तिन्हींतून बाण ओढून एका मोठ्या चौकोनात नेले आणि तो थांबला. इथपर्यंत कोणीही काढतं. एवढ्यासाठी डेटाच्या धंद्यात बावीस वर्षं घासावी लागत नाहीत.

टेबलाशी दोघं बसली होती. एक हा तरुण सल्लागार, त्याच्या लेकीहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, जे ऐकेल त्याला 'परफेक्ट' म्हणणारा. दुसऱ्या बाई, या सल्लागार कंपनीच्या भागीदार. पांढरे केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात, हातात साधी लाकडी पेन्सिल. बाईंनी अजून एकदाही 'परफेक्ट' म्हटलं नव्हतं. नोकरी त्या पेन्सिलीच्या टोकावर आहे, हे खोलीत शिरल्या शिरल्या कळत होतं.

ही तिसरी फेरी. सात महिन्यांत एवढ्या लांब तो कुठेच पोचला नव्हता. सेहेचाळीस वय, जुन्या कंपनीने एका ईमेलवर घरी बसवलेला. या वयात माणूस नोकरी मागायला निघतो तेव्हा त्याला आधी बूट पुसावे लागतात आणि मग भूतकाळ. बूट त्याने सकाळी पुसले होते. खालच्या काउंटरवर छातीला चिकटवलेलं 'पाहुणा' हे स्टिकर सारखं सुटत होतं. तो ते अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होता.

"परत सांगते," बाई म्हणाल्या. "तीन हॉस्पिटलं. एका मालकाने विकत घेतलेली. तिघांकडे पेशंटच्या आपापल्या याद्या. मालकाला एकच यादी हवी आहे. एक माणूस, एक नोंद. आमच्यातर्फे तुम्ही पहिल्या दिवशी तिथे गेलात. पहिला प्रश्न काय विचाराल?"

तरुणाची बोटं कीबोर्डवर तयार झाली. नोंदी किती, कुठल्या सर्व्हरवर, रोज भर किती पडते, असलं काहीतरी येणार म्हणून.

"जन्मतारीख एक जानेवारी असलेले किती, ते विचारीन."

तरुणाने आता वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा आपली जन्मतारीख ठाऊक नसते. काउंटरवरचा माणूस चेहरा बघून वर्ष टाकतो आणि दिवस-महिना म्हणून एक जानेवारी. संगणक रिकामी जागा घेत नाही ना. अशी हजारो माणसं एकाच दिवशी जन्मलेली असतात. त्यात जुनी नावं ठरलेली, दहा-वीसच. एकाने ठेवलं की गल्लीने ठेवलं. मग नाव तेच, तारीख तीच, ही पण बाई, ती पण बाई. तुमचा नियम म्हणणार, दोन्ही नोंदी एकाच बाईच्या. आणि दोघींची फाइल एक करून मोकळा होणार."

"पण हे अपवाद झाले ना," तरुण म्हणाला. "असून असून दोन टक्के?"

दोन टक्के. आकडासुद्धा तोच. त्याने मार्करला टोपण लावलं. ते टक् करून बसलं.

"दोनच टक्के," तो म्हणाला. "पण हॉस्पिटलात सारखी येणारी माणसं नेमकी तीच."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "हे कुठे शिकलात?"

तो बसला. खुर्ची टेबलाच्या मानाने बुटकी होती, की त्यालाच तसं वाटलं.

या प्रश्नाचं उत्तर आदल्या दिवशी संध्याकाळीच लेकीपुढे तयार झालं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने चिठ्ठ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एक प्रश्न. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिने स्वतः तीन मुलाखती दिल्या होत्या, त्यामुळे घरातली तज्ज्ञ तीच. बायको भिंतीशी उभी राहून त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"चिठ्ठी नंबर सात. तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक सांगा."

"तुझ्या आजीचं ऐकून कॉम्प्युटर शिकायला गेलो."

"बाबा, सरळ सांग ना."

"सरळच सांगतोय. मी सायकलींचं दुकान टाकणार होतो."

"टाकलं असतंस तर आज घरात एक सायकल तरी असती," आतल्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज आला.

"आजीला ऐकू येत नाही ना?" लेक हसत म्हणाली.

"सोयीचं तेवढं येतं," इस्त्री फिरवत बायको म्हणाली.

"बरं, आता खरंच. चूक अशी सांगायची, की तूच केलीस, पण नंतर काहीतरी चांगलं वागलास. सगळे तेच सांगतात. चूक आणि वर चांगला माणूस."

त्याने थोडा विचार केला. खरं तर केला नाही. ते आपोआप वर आलं. त्याने हॉस्पिटलची गोष्ट सांगितली. दोन नोंदी एक करण्याचा नियम, हाताखालच्या मुलीने दिलेली सूचना, आपण तिचं न ऐकणं, नंतर झालेला घोळ. इथपर्यंत सगळं खरं होतं. आणि मग जिन्यावरून उतरताना एक पायरी जास्त आहे असं धरून पाय टाकावा तसं तो म्हणाला, "चौकशी बसली तेव्हा मी उठलो. म्हटलं, नियम माझा आहे, तिला काही बोलू नका."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. हातातली चिठ्ठी तशीच.

"बाबा, हे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस!"

इस्त्री थांबली. बायकोने मान वर केली नाही. शर्टातून जळका वास आला तेव्हा तिने हात उचलला. खिशाखाली पिवळट डाग पडला होता.

"हीच सांग," लेक म्हणत होती. "बाबा, शपथ, हीच सांग."

लेक उठून गेल्यावर बायकोने शर्ट हँगरला लावला, दाराच्या कडीला अडकवला.

"डाग पडलाय," ती म्हणाली. "वरून कोट घाल."

बास, एवढंच. सहा वर्षांपूर्वी त्या चौकशीच्या दिवशी घरी येऊन तो याच टेबलाशी बसला होता आणि झालं ते सगळं तिला सांगितलं होतं. ते सांगायची हिंमत तेव्हा होती. आताच कुठे गेली होती कोणास ठाऊक.

झालं होतं ते असं.

टीममध्ये एक मुलगी होती. कामाला लागून दीड वर्ष झालेली. सगळ्या गोष्टींवर शंका काढायची, म्हणून तिला सगळे शंकाबाई म्हणत. तीही हसायची. मीटिंग संपली की सगळे खुर्च्या मागे सारायचे आणि हिचा हात वर. त्या दुपारी ती कॉफीच्या मशीनपाशी त्याला गाठायला आली. हातात कागद होता.

"सर, एक जानेवारीच्या नऊशे बायका आहेत."

"काय?"

"जन्मतारीख एक जानेवारी. नऊशे चौदा बायका आहेत, पुरुष मोजायचेत अजून. आपला नियम त्यातल्या कितीतरी जणींना एकमेकींत घालतोय. मी चार तपासल्या. चारही चूक."

त्याने मनातल्या मनात भागाकार केला. शुक्रवारी काम पोचवायचं होतं. क्लाएंटच्या माणसाने सकाळपासून तीनदा फोन केला होता.

"दोन टक्के," तो म्हणाला. "नंतर बघू. आत्ता आहे तसं जाऊ दे."

"सर, पण..."

"अगं शंकाबाई, नंतर बघू म्हटलं ना."

कॉफी मशीनपाशी बोललेलं कुठेही लिहिलेलं राहत नाही. कोड मात्र राहतो. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. ओळ तिने लिहिली होती, त्याच्या सांगण्यावरून.

एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या. एकीच्या तपासणीत गाठ निघाली. रिपोर्ट एक झालेल्या फाइलमध्ये गेला, फाइलवर फोन नंबर दुसरीचा. हॉस्पिटलने दुसरीला बोलावलं, घाबरवलं, पुन्हा तपासलं. काही निघालं नाही. फाइल बंद. जिला गाठ होती तिला कोणीच फोन केला नाही. पाच महिने ती 'बोलावतील तेव्हा जाऊ' म्हणत घरी बसून राहिली. सहाव्या महिन्यात आली ती स्वतःच्या पायांनी आली नाही.

चौकशी समितीत सहा जण होते. भिंतीवर कोडची ती ओळ मोठी करून दाखवली होती, पुढे तिचं नाव.

"हा नियम कोणी लिहिला?" एकाने विचारलं.

"तिने," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. म्हणून तर एवढं सोपं गेलं. ती दोन खुर्च्या सोडून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला वाटत होतं, सर पुढचं वाक्य बोलणार आहेत. माणूस वाक्याच्या मध्ये श्वास घेतो तेव्हा आपण थांबतो ना, तशी ती थांबली होती. त्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायला. ग्लास रिकामा होईपर्यंत पुढचा प्रश्न आला होता.

त्याच आठवड्यात तिने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"एका हॉस्पिटलच्या कामात शिकलो," तो आता बाईंना म्हणाला.

बाहेर काचेला दोरांनी लटकून एक माणूस खिडक्या पुसत होता. फेस, मग पाणी, मग रबर.

त्याने सांगायला सुरुवात केली. मुलीचं नाव न घेता शंकाबाई म्हणूनच सांगितलं, तरुण हसला. कॉफी मशीन सांगितलं. नऊशे चौदा सांगितलं. आपण काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगितलं, आणि ते सांगताना आवाज बसला, तोही नाटकी नव्हता. दोन म्हाताऱ्यांचं सांगितलं तेव्हा तरुणाने टाइप करणं थांबवलं. सगळं खरं सांगत सांगत तो त्या सहा जणांच्या खोलीच्या दारापर्यंत आला आणि थांबला. इथून दोन रस्ते होते. तेव्हाही दोनच होते.

बाईंनी घाई केली नाही. पेन्सिलही उचलली नाही. बाई नुसत्या थांबल्या, वाक्याच्या मध्ये श्वास घेणाऱ्या माणसासाठी थांबावं तशा.

"त्यांनी विचारलं, हा नियम कोणी लिहिला," तो म्हणाला. "मी म्हटलं, नियम माझा आहे. तिला काही बोलू नका."

सहा वर्षं उशिरा ते पुढचं वाक्य निघालं. इतकं सहज, की त्याला क्षणभर कळेना, हे तेव्हा का जमलं नव्हतं. ना जीभ अडखळली, ना घाम आला.

"परफेक्ट," तरुण हळूच म्हणाला, आणि मग ते शोभलं नाही असं वाटून त्याने खाकरून घेतलं.

बाई काही वेळ काहीतरी लिहीत होत्या.

"आमच्या धंद्यात सगळं याच्यावर असतं," त्या म्हणाल्या. "क्लाएंटच्या दारात आमची पोरं एकटी उभी असतात. त्यांच्या मागे कोण उभं आहे, ते बघून मी माणसं घेते." चष्मा डोळ्यांवर चढवत त्यांनी विचारलं, "तिचा नंबर आहे?"

"कोणाचा?"

"शंकाबाईंचा. उमेदवाराच्या साहेबांना मी कधी फोन करत नाही. साहेब कोणाबद्दलही चांगलंच बोलतात, टळली ब्याद म्हणून. हाताखाली काम केलेल्यांना करते."

त्याने फोन काढला. नंबर होता. नवे फोन आले, जुने गेले, तरी तो पुसला नव्हता आणि लावलाही नव्हता. एक आकडा चुकवून सांगता आला असता. नंबर बदलला असेल, असं म्हणून सोडूनही देता आलं असतं. त्याने दहाही आकडे नीट, दोन-दोन करून सांगितले. सांगताना त्याला मोकळं वाटलं. ती खरं काय ते सांगेल, आपण घरी जाऊ, विषय मिटेल.

लिफ्टमध्ये त्याने स्टिकर काढलं. त्याच्यासोबत कापसाचे धागे निघाले. कोट त्याने घातलाच नव्हता; स्टिकरखालचा इस्त्रीचा डाग दाबून दाबून मळकट झाला होता.

तिला आधी फोन करून सांगायला हवं, हे त्याला खाली रस्त्यावर आल्यावर कळलं, घरी पोचल्यावर कळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना कळलं. दर वेळी त्याने फोन हातात घेतला आणि ठेवला. नंतर बघू, असं तो मोठ्याने म्हणाला नाही एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचं पत्र आलं. लेकीने पत्र मोठ्याने वाचलं, मग आजीच्या कानाशी जाऊन आणखी मोठ्याने वाचलं.

"घेतलं का शेवटी?" आई म्हणाली. "बघ. आणि म्हणे सायकली."

बायको कामावर होती. तिने फोनवर 'बरं झालं' म्हटलं. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं आणि त्यात खोट काढायचा त्याला हक्क नव्हता; सात महिने घर तिने एकटीने ओढलं होतं. तो चप्पल घालून इमारतीच्या जिन्यात आला, दोन मजले उतरला आणि पायरीवर बसून त्याने तो नंबर लावला.

मागे पोरांचा गलका होता. मग दार लावल्याचा आवाज.

"बोला सर."

"ओळखलंस?"

"नंबर आहे ना. शंकाबाईच बोलतेय, बोला."

"कशी आहेस?"

"शाळेत आहे. कॉम्प्युटर शिकवते पाचवी ते आठवीला. माउस चावत नाही, एवढं शिकवलं की अर्धं वर्ष जातं." ती हसली. "छान चाललंय. तुमचं झालं ना काम?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"त्या बाईंचा फोन आला होता परवा. चांगल्या वाटल्या. वीसेक मिनिटं बोलल्या."

"मी तुला आधी सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

खालच्या मजल्यावर कोणीतरी कुलूप उघडत होतं. किल्ली दोनदा फिरली.

"काय विचारलं त्यांनी?"

"सगळंच. कामाला कसे होते, ओरडायचे का, ऐकून घ्यायचे का. मग म्हणाल्या, चौकशीत तुमच्या सरांनी चूक स्वतःवर घेतली असं ते सांगतात, ते खरं का."

"मग?"

"हो म्हटलं."

त्याने जिन्याचा कठडा धरला. लोखंड गार होतं.

"का पण? का म्हणालीस?"

ती सावकाश बोलली, पोरांना समजावतात तशी.

"त्यांनी लिहून घेतलं होतं सर, तुम्ही काय म्हणालात ते. वाचून दाखवलं. 'नियम माझा आहे, तिला काही बोलू नका.' मी वर्गाबाहेर उभी होते. ऐकताना मला वाटलं, होतं की काय असं? मीच विसरले की काय? इतकं खरं वाटलं. मला त्या दिवशी नेमकं तेच ऐकायचं होतं, शब्दन् शब्द. सहा वर्षांनी आलं, एका परक्या बाईच्या तोंडून आलं. पण आलं. मग मी त्याला नाही कशी म्हणू?"

"मी खरं सांगतो त्यांना," तो म्हणाला. उठून उभा राहिला होता. "आत्ता फोन लावतो. काय झालं होतं ते सगळं सांगतो."

"नको."

"अगं, निदान आता तरी..."

"सर, नको. मी 'हो' म्हटलंय. तुम्ही खरं सांगितलंत तर खोटी कोण पडेल? त्या बाई आमच्या शाळेलाही काहीतरी कॉम्प्युटर देणार म्हणाल्यात, मुख्याध्यापकांशी बोलल्यात. पुन्हा माझंच नाव येईल भिंतीवर."

तो परत बसला.

"एक विचारू?" ती म्हणाली. आता आवाजात ती जुनी शंकाबाई होती, मीटिंग संपताना हात वर करणारी. "तुम्ही अजून 'नंतर बघू' म्हणता का?"

तिकडे घंटा झाली. पोरांचा गलका अंगावर आल्यासारखा वाढला.

"तास आहे माझा. ठेवते. आणि सर, अभिनंदन."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला तरी ते कानात राहिलं. टोचून म्हटलं असतं तर सोसलं असतं.

शनिवारी सकाळी कंपनीचे फॉर्म भरायचे होते. लेक बाहेर गेली होती. टेबलावर लॅपटॉप, शेजारी कागदांची पिशवी. बायको एकेक कागद काढून त्याच्या हातात देत होती. बँक झाली, शिक्षण झालं, जुन्या नोकऱ्या झाल्या. शेवटचं पान आरोग्य विम्याचं. कंपनी घरच्या सगळ्यांचा विमा काढणार होती, आईवडिलांसकट.

"हे चांगलंय," बायको म्हणाली. "आईंच्या गुडघ्यांचं बघता येईल."

त्याने आपली माहिती भरली, तिची भरली, लेकीची भरली. चौथ्या ओळीत आईचं नाव टाकलं. नात्याच्या रकान्यात 'आई' टाकलं. पुढच्या रकान्याशी आल्यावर त्याचा हात थांबला.

बायको आईंचं ओळखपत्र पुढे करून उभी होती. त्याने ते घेतलं नाही. त्यावर काय आहे, ते त्याला पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी कॉफी मशीनपाशी उभं राहून भागाकार करतानाही पाठ होतं.

"काय झालं?" बायको म्हणाली. मग तिने स्वतःच कार्डाकडे पाहिलं आणि तेवढ्यात तिच्याही लक्षात आलं. तिने कार्ड हळूच टेबलावर ठेवलं, पालथं.

तो उठून आतल्या खोलीत गेला. आई खिडकीशी बसून चष्मा पदराने पुसत होती.

"आई, तू जन्मलीस कधी गं?"

"आज काय एकदम?"

"फॉर्मला हवंय."

"आहे की कार्डावर. एक जानेवारी."

"ते कार्डावरचं झालं. खरी कधी?"

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, ताप-बीप आहे की काय बघावं तसं.

"खरी कोणाला ठाऊक? कधी कोणी विचारलंच नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "पण थंडीत नाही, एवढं नक्की. माझी आई सांगायची, असा उकाडा होता, की सुईण तीनदा बाहेर जाऊन डोक्यावर पाणी ओतून आली. आणि मला पहिल्यांदा अंघोळ घातली ती अंगणात, सावलीला. तिन्हीसांजेला. म्हणजे बघ, दिवसभर रडत होते म्हणे." तिला हसू आलं. "लिही की असं."

"हो," तो म्हणाला.

तो टेबलाशी परत आला. रकान्यात आठ आकड्यांची जागा होती. त्याने ती तशीच सोडून खालचं बटण दाबलं. रकान्याभोवती लाल रेघ आली. त्याने पुन्हा दाबलं. रेघ तिथेच.

"कार्डावर आहे तीच लागेल," बायको म्हणाली. तिचा आवाज मऊ होता; एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "नाहीतर उद्या काही झालं तर कागद जुळायचे नाहीत."

आत आई अजून बोलत होती, स्वतःशीच की त्याच्याशी ते कळत नव्हतं. अंगणात कुठलं झाड होतं, ते ती आठवत होती.

त्याने शून्य एक टाकलं. पुन्हा शून्य एक टाकलं. मग कार्डावरचं वर्ष टाकलं.

लाल रेघ लगेच गेली.